अकरा महिन्यांचा कागद आणि गटाची वही



मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करते. दुकानं, गाळे, गोदामं यांची भांडणं हे माझं रोजचं काम. गुलमंडीतल्या जुन्या दुकानापासून वाळूजच्या गोदामापर्यंत सगळीकडची माणसं येतात. लोकांना वाटतं, वकील म्हणजे काळा कोट घालून तावातावानं बोलणारी बाई. खरं सांगू का, बोलणं थोडं आणि वाचणं फार. भांडण आज दारात येतं. पण त्याचा निकाल ज्या कागदावर लागतो, तो दोन-तीन वर्षांपूर्वी, सगळं गोडीगुलाबीचं असताना लिहिलेला असतो. नाहीतर लिहायचा राहून गेलेला असतो.

हे आज तुम्हाला सांगतेय, कारण आता आपले बचत गटही मसाला, पापड, शेवया विकायला शहरात गाळे घेऊ लागलेत.

पैठण तालुक्यातल्या एका गटाच्या चार जणी माझ्याकडे आल्या होत्या. शहरात त्यांनी छोटा गाळा घेतलेला. चाळीस हजार अनामत, महिना सहा हजार भाडं, सगळं रोख. कागद होता अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेला. त्यात अनामतीची रक्कमच लिहिलेली नव्हती. भाड्याची एकही पावती नव्हती. दीड वर्ष धंदा बरा चालला. मग दिवाळीच्या तोंडावर मालकानं परस्पर आपलं कुलूप लावलं. फराळाचा माल आतच.

अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या कुलपावर त्यानं दुसरंच कुलूप घातलं हो. आम्ही रोज त्याच्या दारात जायचो. आज देतो, उद्या देतो म्हणायचा."

मी विचारलं, किती दिवस झाले? त्या म्हणाल्या, आठ महिने.

तिथंच माझा हात थांबला. कोर्टाचा हुकूम नसताना कोणी तुम्हाला जागेतून बाहेर काढलं, तर कब्जा परत मागायची एक सोपी वाट कायद्यात आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६. तिथं मालक कोण हा वाद काढावा लागत नाही. कब्जा आमचा होता आणि तो बेकायदा घेतला, एवढं दाखवायचं. पण तो दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. आमच्या ताई ते सहा महिने मालकाच्या ओट्यावर बसून होत्या. आतला माल तर केव्हाच खराब झाला होता.

राहिली अनामत. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून तिचा विचार करता आला. मालक म्हणाला, दहा हजारच दिले होते, तेही थकलेल्या भाड्यात गेले. आता चाळीस हजार दिले हे दाखवायचं कसं?

मी म्हटलं, गटाच्या वह्या आणा. त्यांनी पिशवीभर वह्या आणल्या. बैठकीच्या वहीत ठराव होता: गाळ्याची अनामत म्हणून चाळीस हजार द्यायचे. खाली सगळ्यांच्या सह्या, दोघींचे अंगठे. रोकड वहीत त्याच तारखेचा खर्च. बँकेच्या पासबुकात त्याच दिवशी चाळीस हजार काढल्याची नोंद. आणि पुढं दर महिन्याला सहा हजार भाडं, एकही महिना न चुकता.

मैत्रिणींनो, नुसत्या वहीच्या जोरावर कोर्ट कोणाला देणेकरी ठरवत नाही. पण नियमानं लिहिलेली वही पुराव्यात धरली जाते आणि पासबुकासारखी दुसरी नोंद जोडीला असली की तिचं वजन वाढतं. त्यात आणखी एक गोष्ट आमच्या बाजूची होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचं कलम ५५. हा कायदा मुख्यतः शहरी भागाला लागू आहे. त्यात म्हटलंय की करार लेखी हवा आणि रजिस्ट्री ऑफिसात नोंदवलेला हवा. ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

आम्ही नोटीस पाठवली, वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या. मालकाच्या वकिलांनी कागद पाहिले आणि गोष्ट तडजोडीवर आली. चाळीस हजार परत मिळाले. गाळा गेला तो गेलाच. त्या दिवाळीचा धंदाही गेला.

म्हणून आता कान देऊन ऐका.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं कोणीही सांगेल. आपल्या राज्यात ते चूक आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क साधारण पाव टक्का असतं. म्हणजे या गटाला सगळा खर्च दीड हजाराच्या आतबाहेर आला असता.

गाळा घेण्याआधी मालकाकडे मालमत्ता पत्रक किंवा खरेदीखत आणि घरपट्टीची पावती मागा. नाव त्याचंच आहे का, भावाभावांत वाद आहे का, बँकेचा बोजा आहे का, ते विचारा. मागायला लाजू नका. खरा मालक रागावत नाही.

अनामत आणि भाडं बँकेतूनच द्या. रोख दिलंच तर पावती घ्या. पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. करारात अनामतीची रक्कम आणि ती कधी परत करायची, हे आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या. भांडण झालं म्हणून मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि कुलूप लागलं, तर दारात बसू नका. त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. फीला पैसे नसतील तर अदालत रोडवर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक बाईला तिथं मोफत वकील मिळू शकतो, तिची कमाई कितीही असो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते.

दर बैठकीत वही लिहायचा कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. "पुढच्या वेळी लिहू" असं कोणीतरी म्हणतंच. त्या वेळी पैठणच्या या बायांची पिशवी आठवा. त्यांच्यातली वही लिहिणारी पोरगी सातवी शिकलेली. तिनं तारीख घातली होती, म्हणून चाळीस हजार परत आले.