मोबाइलवरची शाळा: कोणासाठी, कशी?



"शाळा लांब, एसटीचा भरवसा नाही. पोरीनं घरीच मोबाइलवर शिकलं तर चालेल का?" गटाच्या बैठकीत हल्ली हा प्रश्न हमखास निघतो. आज त्यावरच बोलू.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मध्ये उघडल्या, परत बंद पडल्या. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ ला खेड्यापाड्यांत पाचवीपासूनचे वर्ग भरले. पहिली ते चौथीच्या लेकरांना आणखी थांबावं लागलं. या काळात आपण काय पाहिलं? घरात फोन एक, तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. संध्याकाळी फोन घरी आला की आधी मुलाचा नंबर. मुलीचा नंबर येईपर्यंत भाकरीची वेळ. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायचं. त्याला रिचार्ज लागत नव्हता. पण "कळलं नाही, परत सांगा" असं टीव्हीला कसं सांगणार?

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात पष्टेपाडा आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा संदीप गुंड गुरुजींनी गावाला सोबत घेऊन डिजिटल केली, तीही करोनाच्या कितीतरी आधी. पण तिथं वर्ग होता, गुरुजी होते, शेजारी मैत्रीण होती. त्यांच्या जोडीला पडदा आला.

म्हणून आम्ही म्हणतो, चालू शाळेतून मुलीला काढू नका. एसटीसाठी ग्रामसभेत बोला, आगारात अर्ज द्या.

पण जिची शाळा केव्हाच सुटली, तिला मोबाइलचा आधार घेता येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, दहावीची परीक्षा घेते. वय १४ पूर्ण हवं. जास्तीत जास्त वयाची अट नाही, त्यामुळे सासूबाईही बसू शकतात. पाच विषय, पाच वर्षं, नऊ संधी. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं.

एक सावधगिरी. मोबाइलवर शाळेच्या जाहिराती खूप येतात. पैसे भरण्याआधी विचारा: परीक्षा कोणत्या मंडळाची? दाखला कोण देणार? उत्तर कागदावर मागा आणि तो कागद जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना दाखवा.

आणि अभ्यासाला एकटीला बसवू नका. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, समाजमंदिरात एकत्र बसा. एका फोनवर चौघी धडा ऐकतील, अडलं तर एकमेकींना विचारतील. त्या तासाला फोन घरच्यांचा नाही, शिकणारीचा, हे घरी आधीच सांगून ठेवा.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की वहीचं नवं पान उघडा. आपल्या वस्तीत कोणाकोणाची दहावी राहिली, ती नावं लिहा. त्यात आपलंही असेल तर लाजू नका, तेही लिहा.