झिजलेली मूठ



जुन्या मोटारीच्या गिअरची मूठ झिजली की नवी बसविण्याचा मोह होतो. आधी जुनीच उजळून पाहावी, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडात १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी मोटार घ्या. हिची मूठ दांड्यावरील आट्यांवर बसते. खालचा नट तिला आवळून धरतो. प्रथम तो नट सैल करावा, मग मूठ घड्याळाच्या उलट दिशेने हातानेच फिरवावी. हटून बसल्यास गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे. पकडीचे दात लावू नयेत; ते ओरखडे लपत नाहीत.

मूठ सौम्य साबणाने धुऊन ८०० व नंतर १२०० क्रमांकाच्या ओल्या पॉलिश पेपरने घासावी. माथ्यावर हात हलका ठेवावा, कारण तेथील आकृती उथळ कोरलेली असते. तीत पांढरा रंग भरून वरचा लगेच पुसावा. रिव्हर्स कोठे पडतो हे नवख्या चालकास तीच सांगते. बसविताना आकृती सरळ आली की नट आवळावा.

नवी मूठ बाजारात मिळेल. पहिल्या मालकाच्या तळहाताने गुळगुळीत झालेली मूठ एकदा टाकली की गेली. पन्नास वर्षांचा ठेवा जपणाऱ्या आपल्या मंडळास याहून अधिक सांगणे नलगे.