झूम केलेली निळी नक्षी

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कोडिंग सोडून भांड्यांच्या मागे कधी लागला? लागलोय खरा. पाच मिनिटं द्या, सांगतो.

डेन्मार्कमध्ये १७७५ साली पोर्सिलेनचा एक कारखाना सुरू झाला. आज त्याला रॉयल कोपनहेगन म्हणतात. त्यांचा 'पॅटर्न नंबर १' अजूनही विकला जातो. नाव ब्लू फ्लुटेड. पांढऱ्या प्लेटवर बारीक पन्हळी आणि त्यावर निळी फुलं, निळ्या वेली. मागच्या बाजूला तीन निळ्या लाटा असतात, त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. म्हणजे मागे पक्कं डॅनिश, पण पुढची नक्षी मुळात चिनी पोर्सिलेन बघून युरोपात आलेली. आपण तर त्या मातीलाच सरळ 'चिनी माती' म्हणतो!

आता निळाच रंग का? तर नक्षी असते ग्लेझच्या खाली. एकदा भाजलेल्या प्लेटवर ब्रशने रंगवायचं, वरून ग्लेझ द्यायचं आणि मग सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायचं. एवढ्या उष्णतेत त्या काळी भरवशाने टिकायचा तो कोबाल्टचा निळा. आणि गंमत अशी, की ग्लेझ नसलेली ती प्लेट टीपकागदासारखी असते. ब्रश टेकला की रंग आत. इथे कंट्रोल-झेड नाही. एका साध्या प्लेटला ब्रशचे १,१९७ फटकारे लागतात, हा कंपनीचाच हिशोब. रंगवणाऱ्याची खूण प्लेटच्या मागे असते. म्हणजे आमच्याकडे कोणती ओळ कोणी लिहिली ते 'गिट ब्लेम' दाखवतं ना, तसंच. फक्त इथे ते कायमचं भाजलेलं!

पण इतकं जुनं आणि नाजूक काम म्हटलं की त्याचं जे व्हायचं तेच होतं. ते आजीच्या कपाटात जातं आणि पाहुणे आले की बाहेर निघतं. नातवंडांना 'फोडू नकोस' एवढंच आठवतं.

मग कारेन क्येल्गॉर-लार्सन नावाची डिझाइनची विद्यार्थिनी आली. तिने नवीन फूल काढलं नाही की नवीन रंग आणला नाही. जुनीच नक्षी घेतली आणि झूम केली. फूल एवढं मोठं झालं, की ते प्लेटच्या मधोमध न बसता एका बाजूला सरकलं आणि कडेला कापलं गेलं. उरलेली जागा पांढरीच ठेवली. २००० साली कंपनीने ते 'ब्लू फ्लुटेड मेगा' म्हणून बाजारात आणलं आणि ते जोरात चाललं.

ऐकायला किती सोपं वाटतं! स्केल वाढवा, क्रॉप करा, झालं. पण मला खरी हुशारी दिसते ती तिने काय बदललं नाही त्यात. मेगासुद्धा हातानेच रंगवतात. एवढं मोठं फूल छापून मोकळं होता आलं असतं की! पण मोठ्या पाकळीत ब्रशचा ओघ दिसतो, निळा कुठे गडद, कुठे फिका झालाय ते दिसतं. बारीक नक्षीत हे डोळ्यांतून सुटायचं. म्हणजे झूम करून तिने फूल तर दाखवलंच, वर रंगवणाऱ्याचा हातही दाखवला.

स्वीडनमध्ये याच्या उलट झालं. मारियान वेस्टमनने रोरस्ट्रांड कंपनीसाठी १९५२ साली 'मॉन आमी' केलं. पांढऱ्यावर साधी, चार पाकळ्यांची निळी फुलं. मधे ते बंद पडलं आणि २००८ मध्ये परत आलं, जवळजवळ जसंच्या तसं. तिथे झूमची गरजच नव्हती, कारण त्या फुलात मोकळी जागा आधीपासून होती. प्रत्येक जुन्या गोष्टीला रीडिझाइन लागतंच असं नाही. (हे आमच्या ऑफिसात कोणीतरी सांगा.)

आता एक टोचणारी गोष्ट. रॉयल कोपनहेगनचं बरंचसं काम आता थायलंडमध्ये होतं. डेन्मार्कमध्ये पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हे केलं, त्यांच्या हातचं काम गेलं. हे वाईटच, त्यावर साखर पेरणार नाही. पण 'मग ते अस्सल राहिलंच नाही' असं कोणी म्हटलं की मी अडतो. आशियातून गेलेली नक्षी आशियातले हात रंगवतायत आणि ते हात वर्षानुवर्षं शिकून तयार झालेत. त्यांना नकली कसं म्हणू? किंमत स्वस्त नाही हेही खरं. मी फोटोच बघतो.

त्या फोटोंत मला सगळ्यात आवडतं ते सरमिसळ मांडलेलं टेबल. खाली मेगाची मोठी प्लेट, तिच्यावर जुन्या बारीक नक्षीची बशी, बाजूला साधा पांढरा वाडगा. एकही सेट पूर्ण नाही. पण निळा तोच, म्हणून सगळं जुळतं. आणि आजीचा सेट कपाटातून बाहेर येतो, तोही साध्या मंगळवारी.

चला, भेटू पुढच्या भागात.