दोन तास कोणी बसेल का?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सोसायटीच्या जुन्या आठवणी सांगायला सांगितलं होतं. पण आठवणी हा विषय आमच्या घरात आता अवघड झाला आहे. तेव्हा त्यावरच बोलतो.

आमच्या हिला तुम्ही सगळे ओळखता. भोंडल्याची वर्गणी आणि गणपतीतल्या प्रसादाचा हिशेब तिच्याकडे असायचा. गेली चार वर्षं तिला डिमेन्शिया आहे. पहिली दोन वर्षं मी ते लपवलं. 'काकू दिसत नाहीत हल्ली?' असं विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचो. गुडघे ठणठणीत आहेत. रात्री दोनला चपला घालून ती 'घरी' जायला निघते. मागच्या पावसाळ्यात दुपारी माझा डोळा लागला आणि ती गेटबाहेर गेली. इस्त्रीवाल्याने ओळखलं, हाताला धरून आणलं. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं. सांगायला लाज वाटते, पण असतं.

डॉक्टरांनी निदान केलं, गोळ्या दिल्या. मी दिवसभर काय करायचं, ते चिठ्ठीवर नव्हतं. ब्यूरोतून दोन बाया आल्या आणि गेल्या. ही त्यांना चोर म्हणायची. मुलगा परदेशातून रोज फोन करतो. फोनवरून आंघोळ घालता येत नाही.

पैशाचंही सांगतो, कारण मी बँकेतला माणूस. एक गृहस्थ बायकोची सही जुळत नाही म्हणून तीनदा परत गेले होते. त्यांना परत पाठवणारा मीच. आता माझी पाळी आली. हिचं मुखत्यारपत्र केलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त! पण करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, लिहून देणाऱ्याची समज गेली की तो अधिकारही संपतो. म्हणजे गरज लागते नेमकी तेव्हाच. जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' होतं, ते चालू राहिलं. तिच्या एकटीच्या नावच्या ठेवी अडल्या आहेत. ज्यांची खाती एकाच नावावर आहेत त्यांनी सोमवारी बँकेत जाऊन दुसरं नाव घालावं. मरणानंतरचं नॉमिनेशन इथे उपयोगी पडत नाही.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना हा विकार असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यामुळे आपल्याकडे आमचं एकच घर असेल असं मला वाटत नाही. 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. तिथे माहिती मिळते. दुपारी येऊन बसणारं माणूस मिळत नाही.

ते मी तुमच्याकडे मागतोय. पैसे नकोत, डबा नको. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा, कोणीतरी हिच्याजवळ बसावं. मटार सोलायला द्या, खूश असते. थोडे खाते, तेवढं चालवून घ्या. एकच प्रश्न वीस वेळा विचारेल, विसाव्यांदाही पहिल्यासारखंच उत्तर द्या. 'मला ओळखलंत का?' हे मात्र कृपा करून विचारू नका. ती घाबरते. त्या दोन तासांत मला केस कापून यायचे आहेत, झालंच तर बागेत नुसतं बसायचं आहे. आणखी कुणाच्या घरी असं असेल तर मला येऊन सांगा, इथे चारचौघांत नको. मीही तुमच्याकडे बसायला येईन.

आज तिच्याजवळ खालच्या मजल्यावरच्या वहिनी बसल्या आहेत. त्यांना साडेआठला जायचंय, म्हणून जेवणाला थांबत नाही.