नाव ठेवणे, नाव काढणे, नाव राखणे



या स्मृतिव्याख्यानासाठी मी वस्त्रव्यवसायाचा विषय निवडला, याचे अनेकांना नवल वाटले असेल. ज्याने आयुष्यभर मराठी शिकवले, त्याने साड्या आणि सदरे विकण्याविषयी काय सांगावे? पण या शाळेतून बाहेर पडलेले काही तरुण मला अधूनमधून भेटतात आणि म्हणतात, “सर, कापडाचा काहीतरी वेगळा, छोटासा ब्रँड काढायचा आहे.” ‘ब्रँड’ हा शब्द नवा असला तरी कल्पना जुनीच आहे. आपले व्यापारी ‘छाप’ म्हणत, ‘मार्का’ म्हणत. सामान्य माणूस नुसते ‘नाव’ म्हणे. आणि नाव हा तर भाषेचाच प्रांत! तेव्हा हा अधिकार मी थोडासा उसना घेतो.

मराठीत नावाभोवती तीन क्रियापदे आहेत. नाव ठेवावे लागते, नाव काढावे लागते आणि नाव राखावे लागते. वेगळेपणावर चालणाऱ्या छोट्या धंद्याचे सारे शास्त्र या तीन क्रियापदांत सामावते, असे मला वाटते.

प्रथम नाव ठेवणे. आपल्या मालात असे काय आहे, की ज्याला स्वतंत्र नाव द्यावे? मुंबईत १९९७ साली जाहिरातक्षेत्रातून आलेल्या रणजीव रामचंदानी यांनी ‘तंत्रा’ या नावाने टी-शर्ट काढले. सदरा इतरांसारखाच सुती. पण त्यावर भारतीय जीवनातील विसंगतीची गंमत चित्रांतून आणि शब्दांतून छापलेली असे. गिऱ्हाईक पैसे देई ते छातीवरच्या विनोदाचे. वेगळेपण एका कल्पनेत होते आणि ती कल्पना त्यांची स्वतःची होती. मात्र अशा नावीन्याला एक शाप असतो. विनोद दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातही छापता येतो. म्हणून त्या व्यवसायात दररोज नवे सुचावे लागते.

ज्याची नक्कल सहज होत नाही असे वेगळेपण हवे असेल, तर ते करणीतच असावे लागते. आपल्याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, भंडारा-नागपूर भागात, करवतकाठी विणली जाते. आपल्या जंगलातील ऐन, ज्याला येथे साजा म्हणतात, आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचा कोसा हा तिचा प्राण. अंगासाठी एक धोटा आणि दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालवून विणकर अंगाचा व काठाचा धागा एकमेकांत अडकवतो. त्या सांध्यावर करवतीचे दात उमटतात. नक्कल करणारा नक्षीत दात काढून दाखवू शकतो. तो सांधा त्याला साधत नाही. येथे सौंदर्य आणि खरेपणाची खूण एकच आहे.

आता नाव काढणे. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते एका मराठी राज्यकर्तीचे आहे. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या कारकीर्दीत, १७६७ ते १७९५ या काळात, महेश्वरला राजधानी केली आणि विणकरांना आश्रय दिला. किल्ल्याच्या आणि घाटांच्या दगडांवरील आकृती, चटईची वीण, विटांची रचना काठावर उतरल्या. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, साडी उलटसुलट नेसता यावी, ही सोयही तिथलीच. महेश्वरी पाहताच ओळखू येते, याचे कारण ते गाव तिच्या काठावर आहे.

पण नाव मोठे असूनही माग बंद पडू शकतात. तेथेही हातमाग ओसरत चालले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी स्थापन करून स्थानिक स्त्रियांना विणकाम शिकवले. साडीच्या जोडीला ओढण्या, उपरणी, कापड आले; नक्षी मात्र जुन्याच खाणीतली राहिली. गिऱ्हाइकाची गरज बदलली तेव्हा वस्तू बदलली, ओळख बदलली नाही. आणि मिळकतीचा वाटा विणकरांच्या घरांकडे, मुलांच्या शिक्षणाकडे वळला.

तिसरे क्रियापद सर्वांत अवघड आहे आणि ते थेट आपल्या दाराशी येते. भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून १८६७ साली आपला जिल्हा झाला. दहाच वर्षांनी, १८७७ मध्ये, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडाशी किमतीत झुंजणे हातमागाला कधीच शक्य नव्हते. तरी आपल्या वारासिवनीतला माग टिकला आणि २०२३ साली वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला व कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०२१ मध्ये आपल्या चिन्नोर तांदळाला ते मिळाले होते. या सन्मानाचा आपल्याला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. परंतु मानांकनाने नफा आपोआप येत नाही. ते दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. ती खूण मालावर लावायची तर विणकराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ज्याची नोंद नाही, त्याच्या गावाचे नाव गाजते आणि त्याची साडी मात्र बिननावाची विकली जाते.

नाममुद्रा एका उद्योजकाची असते, मानांकन साऱ्या गावाचे असते. म्हणून माझ्या माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे. वारासिवनीच्या नावावर व्यवसाय उभारा, जरूर उभारा. मोजक्याच नक्षी ठेवा, मागणी पाहून विणून घ्या, म्हणजे भांडवल कपाटात अडकणार नाही. सुताचा, रंगाचा आणि विणकराच्या दिवसांचा हिशेब मांडूनच किंमत ठरवा आणि ती सांगताना संकोच करू नका. सवलतीची पाटी लावून खपणाऱ्या मालाला लोक सवलतीपुरतेच ओळखतात. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकण्याचा मोह एखाद्या दिवाळीला होईल. त्या एका दिवाळीत अनेक पिढ्यांनी कमावलेले नाव खर्ची पडेल.

२०१९-२०च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत असे आढळले, की दर तीन विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोघांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी आहे. या आकड्यापुढे मला नफ्याची व्याख्या बदलावीशी वाटते. विणकराचा मुलगा जर म्हणाला, की मी मागावर बसणार नाही, तर त्याला दोष कोण देईल? आणि तो बसला नाही, तर तुमची नाममुद्रा कशावर छापणार? विणकराच्या घरात पुरेसे पोचल्यावर जे उरते, तेवढाच नफा टिकाऊ आहे. हे मी धर्मादाय म्हणून सांगत नाही. हा कच्च्या मालाइतकाच रोकडा हिशेब आहे.

आपल्या भाषेची एक गंमत पाहा. ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. अंतर अवघ्या एका मात्रेचे. बालाघाटच्या कापडाचे बारसे झाले आहे. लोकांनी त्याला नावे ठेवू नयेत, एवढी काळजी आता या शाळेच्या मुलामुलींनी घ्यायची आहे.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस वंदन करतो.