माध्यमिक शाळेतील अभ्यास आणि आचरण : दर्जा राखायचा कोणी?

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा विद्यार्थ्याकडून काय अपेक्षिते, हे दोन निरनिराळ्या ठिकाणी लिहिलेले असते. अभ्यासाची अपेक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात, प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात आणि उत्तीर्णतेच्या निकषांत सापडते, तर वर्तनाची अपेक्षा शाळेच्या नियमावलीत, परिपाठानंतर मुख्याध्यापक देत असलेल्या सूचनांत आणि वर्गशिक्षकांच्या शेऱ्यांत विखुरलेली असते. पहिलीचे मोजमाप गुणांनी होते आणि दुसरीचे एखाद्या विशेषणाने. यामुळे दर्जा हा मंडळाचा विषय आणि शिस्त हा शाळेचा विषय, अशी वाटणी शिक्षणव्यवहारात रूढ झाली आहे. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. कारण गुण खरे असणे हीच मुळात आचरणाची बाब आहे आणि त्या आचरणाची जबाबदारी विद्यार्थ्याच्या आधी शाळेवर येते.

शालान्त परीक्षा, म्हणजे शाळेचे शिक्षण संपताना घेतली जाणारी परीक्षा, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. परंतु महाराष्ट्रातील तिचा उगम शाळेत नसून विद्यापीठात आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. ही खरे पाहता महाविद्यालयाच्या दारावरची परीक्षा होती. कोणाला आत घ्यावे हे ठरवणे हे तिचे काम होते, शाळेने काय शिकवले हे पाहणे हे नव्हे. तरीही हायस्कुलांचा सारा अभ्यास तिच्याच अनुरोधाने आखला जाऊ लागला. या परीक्षेत संस्कृतसाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणे ही पुढील अनेक पिढ्यांना आयुष्यभर मिरवण्याजोगी गोष्ट वाटत असे. 1912 साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धतही होती, म्हणजे निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेत जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेला पैसा मिळे. निकाल हा शाळेच्या अस्तित्वाचा प्रश्न होण्याचे मूळ इतके जुने आहे.

स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली. महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ 1965 च्या अधिनियमानुसार 1 जानेवारी 1966 पासून कामाला लागले आणि 1975 पासून जुन्या अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा होऊ लागली. परीक्षेचे नाव, इयत्ता आणि चालक बदलले, पण तिचे दुहेरी काम तसेच राहिले. शाळेचे शिक्षण पुरे झाल्याचा दाखला देणे आणि पुढील प्रवेशासाठी मुलांची क्रमवारी लावणे ही दोन्ही कामे एकाच गुणपत्रिकेवर सोपवलेली आहेत. दाखला देणाऱ्या परीक्षेत बहुतेकांनी उत्तीर्ण व्हावे हे रास्त आहे. क्रमवारी लावणाऱ्या परीक्षेत मात्र गुणांत अंतर पडले पाहिजे. एकाच परीक्षेकडून या दोन्ही गोष्टी मागितल्या की खालच्या टोकाला उत्तीर्णता सैल होते आणि वरच्या टोकाला गुणांची दाटी होते. कला व क्रीडा यांच्या सवलतीच्या गुणांची भर पडून 2025 साली दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर शंभर टक्के छापून आले, ते या दाटीचेच टोक होय.

उत्तीर्णतेची रेषा शंभरापैकी पस्तीस गुणांवर आहे. पंचेचाळीस टक्क्यांना द्वितीय श्रेणी, साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि पंचाहत्तर टक्क्यांना प्रावीण्यासह प्रथम श्रेणी मिळते. या आकड्यांना घराघरांत जवळजवळ धर्मवचनाची प्रतिष्ठा आहे. परंतु पस्तीस हा आकडा कशाचा बनलेला आहे, याची चौकशी क्वचितच होते. भाषा विषयांत लेखी परीक्षेला ऐंशी आणि अंतर्गत मूल्यमापनाला, म्हणजे शाळेनेच घ्यायच्या तोंडी परीक्षेला व तत्सम कामाला, वीस गुण असतात. दोन्हींची बेरीज पस्तीस झाली की विषय सुटतो. म्हणजे शाळेने वीसपैकी अठरा दिले असतील, तर लेखी परीक्षेत ऐंशीपैकी सतरा गुण पुरतात. हे वीस गुण काय करू शकतात, याचा एक प्रयोग राज्यात अनायासे होऊन गेला आहे. 2019 च्या परीक्षेपूर्वी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतील हे गुण काढून टाकण्यात आले, शिवाय त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पालक, संस्थाचालक आणि राजकीय पक्ष या सर्वांकडून ओरड झाली आणि काही महिन्यांतच अंतर्गत गुण परत आणले गेले. 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, हे खरे आहे. तरी एवढी उडी एका पेपराने पडत नाही. पुढच्या वर्षी तर परीक्षाच होऊ शकली नाही. नववीच्या निकालाला पन्नास, दहावीच्या वर्षभरातील लेखी कामाला तीस आणि तोंडी व प्रात्यक्षिकाला वीस गुण धरून शाळांनीच मूल्यमापन केले आणि राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला.

या आकड्यांवरून मुले हुशार झाली किंवा मठ्ठ झाली असा निष्कर्ष निघत नाही. जो गुण शाळेच्या हातात असतो तो शाळा जवळजवळ सर्वांना देते, एवढेच त्यांवरून कळते. अंतर्गत मूल्यमापनाची कल्पना वाईट नाही. उलट तीन तासांच्या लेखी परीक्षेत न दिसणारे वाचन, उच्चार, विचारपूस करण्याची रीत इत्यादी गोष्टी शिक्षकालाच ठाऊक असतात आणि त्या मोजायच्या तर त्यानेच मोजायला हव्यात. पण त्यासाठी वीसपैकी नऊ देण्याची मोकळीक शिक्षकाला हवी, आणि ती त्याला नाही. शाळेचा निकाल घसरला की पुढल्या वर्षी पालक मुलाचे नाव शेजारच्या शाळेत घालतात. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या वार्षिक मंजुरीत, तुकडी जाते. आणि तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जातो. अशा स्थितीत नऊ गुण देणारा शिक्षक आपल्याच खुर्चीचा पाय कापत असतो.

खालच्या इयत्तांचा विचार केल्यावाचून हे चित्र पुरे होत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 16 ने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवण्यास अथवा शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. ढकलगाडी म्हणून या तरतुदीची पुष्कळ टिंगल झाली. वस्तुतः नापास झाले की शाळा सोडायची, हा गरीब घरांतील, विशेषतः मुलींच्या बाबतीतील, शिरस्ता मोडण्याचा तिचा हेतू होता आणि तो अनाठायी नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीला नियमित परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने 2023 साली तसे नियम केले. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षेची संधी देण्याची तरतूद त्यांत आहे. तथापि खरी चाळणी अजूनही नववीलाच लागते. दहावीच्या निकालाला धक्का लावील अशा विद्यार्थ्याला नववीत थांबवणे, किंवा पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असा सल्ला देणे, ही कित्येक शाळांतील उघड गुपिते आहेत. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. काम करून शिकणाऱ्यांसाठी आणि मध्येच शाळा सुटलेल्यांसाठी ती मोलाची वाट आहे. परंतु शाळा तिचा उपयोग आपली टक्केवारी राखण्यासाठी करते, तेव्हा दर्जा राखण्याच्या नावाखाली विद्यार्थीच वजा केला जातो.

आता वर्तनाकडे वळता येईल. शाळांच्या नियमावल्या बहुधा सारख्याच असतात: गणवेश, वेळ, उपस्थिती, केस आणि रिबिनी, मोबाइल आणण्यास बंदी, शाळेच्या मालमत्तेची निगा. यांतील पंचाहत्तर टक्के उपस्थितीसारख्या अटीला मंडळाचा आधार आहे, बाकीचे नियम परंपरेने चालत आले आहेत. पूर्वी ते छडीच्या जोरावर पाळले जात; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. छडी गेली याबद्दल हळहळणारा एक वर्ग अजून आहे. त्याची हळहळ निराधार आहे, कारण छडीने वेळ आणि गणवेश सांभाळला, पण प्रामाणिकपणा सांभाळल्याचा पुरावा नाही. अडचण इतकीच आहे की छडीच्या जागी दुसरी कोणतीही ठरीव कार्यपद्धती आली नाही. मुलाकडून काय चुकले याची लेखी नोंद, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, चुकीच्या प्रमाणात उपाय आणि ठरावीक मुदतीने त्याचा फेरविचार, एवढ्या चार गोष्टी फार थोड्या शाळांत सापडतात.

त्याची साक्ष शाळेच्याच कागदांत आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण यांच्या पंक्तीत ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात. बहुतेक सर्व दाखल्यांवर वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असे लिहिलेले आढळते, आणि लेखनिक दाखल्यांचा गठ्ठा घेऊन बसला की हा शब्द वर्गशिक्षकाला न विचारताच लिहून मोकळा होतो. यात मुलाचे अकल्याण होत नाही हे चांगलेच आहे. पंधराव्या वर्षीच्या खोडीचा डाग जन्मभराच्या कागदावर राहू नये. मात्र ज्या रकान्यात एकच उत्तर संभवते, तो रकाना काही सांगतही नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत 2010 मध्ये आठवीपर्यंत आली तेव्हा हे बदलेल अशी आशा होती. तीत वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन यांच्या जोडीला प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी, म्हणजे त्याची आवड, विशेष प्रगती आणि आवश्यक सुधारणा यांविषयीची वाक्ये, शिक्षकाने लिहायच्या होत्या. थोड्याच काळात अशा नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांत फिरू लागल्या. साठ मुलांच्या वर्गात साठ निरीक्षणे लिहिण्याऐवजी यादीतील वाक्ये आलटून पालटून उतरवली जाऊ लागली. कॉपी या विषयाची चर्चा विद्यार्थ्यांपासून सुरू करणे किती एकांगी आहे, हे यावरून लक्षात यावे.

परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1982 सालीच स्वतंत्र अधिनियम केला. भरारी पथक अचानक येते, बैठे पथक परीक्षा संपेपर्यंत केंद्रावर ठाण मांडते. केंद्रसंचालक, पर्यवेक्षक आणि परिरक्षक केंद्रातून प्रश्नपत्रिका आणणारा रनर अशी उतरंड असते. पेपर सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला देण्याची सवलत 2023 साली काढून घ्यावी लागली, कारण तेवढ्या वेळात ती मोबाइलवरून बाहेर जात असे. मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून मग दहा मिनिटे शेवटी वाढवली गेली. प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट आता परीक्षा दालनात उघडले जाते आणि ते बंद होते याची खूण म्हणून त्यावर दोन परीक्षार्थींच्या सह्या घेतल्या जातात. या तरतुदीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. संशयित म्हणून ज्याची झडती घेतली जाते, त्याच मुलाला काही क्षणांनी मोठ्यांच्या सचोटीचा साक्षीदार केले जाते. सामूहिक कॉपी मोठ्यांच्या साहाय्यावाचून होत नाही, हे व्यवस्थेनेच अशा रीतीने मान्य केलेले आहे. 2025 च्या परीक्षेआधी, ज्या शाळेत केंद्र आहे तिचे शिक्षक तेथे पर्यवेक्षक नसावेत असे मंडळाने ठरवले, तेव्हा शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या संघटनांनी तो अविश्वास मानून विरोध केला आणि पुढे तो निर्णय सौम्य करण्यात आला. विरोधामागचा दुखावलेपणा समजण्याजोगा आहे. पण पर्यवेक्षकाच्या हितसंबंधाचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

शिवाय परीक्षा केंद्रावरचा बंदोबस्त हा फार उशिराचा उपाय आहे. दहावीच्या पेपरात कॉपी करणारा मुलगा ती कला मार्च महिन्यात शिकलेला नसतो. विज्ञानाची प्रयोगवही मागल्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून उतरवणे, ओहमच्या नियमाचा आलेख सरळ रेषेत यावा म्हणून आधी रेषा काढून मग तीवरची निरीक्षणे तक्त्यात भरणे, प्रकल्पाचे छापील तुकडे दुकानातून आणून डकवणे, ही कामे तो आठवीपासून शिक्षकांच्या डोळ्यांदेखत करीत आलेला असतो आणि त्यांवर लाल शाईने सही होत आलेली असते. घटक चाचणीत चिठ्ठी सापडली तर एक ओरडा पुरतो, तेच बोर्डाच्या पेपरात सापडले तर फौजदारी कायद्याची भाषा निघते. या दोन टोकांच्या मध्ये मुलाला काही समजावून सांगणारी एकही पायरी नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने समग्र प्रगतिपत्रक सुचवले आहे, ज्यात शिक्षकाबरोबर विद्यार्थी स्वतः आणि त्याचे सोबती यांचेही मूल्यमापन असावे. त्याचे नमुने वर्णनात्मक नोंदींच्याच वाटेने जाणार नाहीत, याची हमी कोणत्याही शासन निर्णयाने देता येत नाही. त्यापेक्षा लहान जागी सुरुवात करता येते. प्रयोगवहीत चुकलेली पण स्वतः घेतलेली निरीक्षणे असतील तर त्यांवर सही व्हावी, आणि बिनचूक पण उतरवलेली असतील तर वही परत जावी; तोंडी परीक्षेचे वीस गुण दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने द्यावेत आणि त्यांची कारणे नोंदवून ठेवावीत. असा दंडक एखाद्या शाळेने घातला, तर पहिली एकदोन वर्षे तिची सरासरी शेजारच्या शाळेहून खाली राहील, आणि ती खाली का आहे हे पालकसभेत सांगण्याची तयारी मुख्याध्यापकांना जूनमध्येच करून ठेवावी लागेल.