तारीख चुकली, तर पळू नका

रोडपालीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला आवाज ऐकू यायचे. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटायचं. त्या भरात त्याने एका दुकानाची काच फोडली, दुकानदाराला मारलं. गुन्हा शाबित झाला. पण कोर्टाने तुरुंगात न धाडता प्रोबेशनवर, म्हणजे परिवीक्षेवर सोडलं. १९५८ चा कायदा आहे. चांगल्या वागणुकीचं हमीपत्र लिहून द्यायचं, जास्तीत जास्त ३ वर्षांचं. कोर्टाने सांगितलं असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहायचं.

“सुटला एकदाचा,” आम्ही म्हणालो. आणि त्या घरी जायचं टाळू लागलो. खोटं कशाला बोला, भीती वाटत होती. ताईही मीटिंगला येईनाशा झाल्या.

मग अधिकाऱ्याकडे जायची एक तारीख चुकली. गोळ्यांनी पोराला इतकी सुस्ती यायची की दहा वाजले तरी डोळा उघडत नसे. ताई घाबरल्या. पोलीस नेतील म्हणून त्याला उरणला बहिणीकडे पाठवायला निघाल्या. हमीपत्रात राहत्या जागेची अट होती, ती मोडली असती!

आमच्यातल्या दोघी दुसऱ्या दिवशी मायलेकांबरोबर अधिकाऱ्याकडे गेल्या. डॉक्टरांचा कागद दाखवला. तिथे कळलं की अट मोडली तर कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढू शकतं, मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं. पहिलीच चूक असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड करून हमीपत्र चालू ठेवायची मुभाही कोर्टाला आहे. म्हणून लपायचं नाही, आधी जाऊन सांगायचं.

सुस्तीचं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळीची वेळ रात्रीची केली. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, बरं वाटलं तरी.

आता ताईंच्या कॅलेंडरवर अधिकाऱ्याची तारीख लाल शाईने आणि दवाखान्याची निळ्या शाईने लिहिलेली असते. आदल्या दिवशी आम्ही आठवण करतो. पहारा नाही करत, चहाला जातो. रात्री-अपरात्री पोर अस्वस्थ झालं तर १४४१६ हा टेली मानसचा फोन फुकट आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

दुकानदार अजून बोलत नाही. त्याचा राग आम्हाला समजतो.

पुढची तारीख मंगळवारी आहे. बरोबर कोणी जायचं ते आजच्या मीटिंगमध्ये ठरवायचंय. ताई येणार आहेत.